नौसेनापतीची पाटी

फ्लिसिंगन, १० एप्रिल १६७३

चि. योस्त यास मायकेताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ईस्टरला चार दिवस राहून गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. पण एक गोष्ट तेव्हापासून घशात अडकलीय, ती आता बोलूनच टाकते. जेवताना मी म्हणाले, छप्पर गळतंय. तू म्हणालास, झकास झालंय, अजून थोडं वाढ. शेजारच्या म्हातारीनं नवरा गेल्याचं सांगितलं, तर तू हसून तिचं अभिनंदन केलंस! बिचारी अजून माझ्या दारावरून मान फिरवून जाते.

योस्त, तुला ऐकू येत नाही. नाही म्हणू नकोस, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. तीस वर्षं तोफांना चिकटून उभा राहिलास, कान शाबूत कसे राहतील? अकराव्या वर्षी हेरिंग मासळीच्या होडीवर गेलेला माझा भाऊ आज उपसेनापती झाला, सगळं बंदर तुझ्या नावावर छाती फुगवतं. आता म्हणे वरची मंडळी सबंध आरमार तुझ्या हाती देणार. त्याआधी त्यांना खरं काय ते सांग. माझा लेक लीव्हेन त्याच आरमारात तोफेवर उभा असतो रे.

गळ्याला लोकर गुंडाळत जा.

रागावलेली, तरी तुझीच,
मायकेताई

*

'सोनेरी बगळा' जहाजावरून, १८ एप्रिल

ती. मायकेताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू कागदावरसुद्धा ओरडतेसच की! डावा कान शोभेपुरता उरलाय, कबूल. उजव्यात थोडी धुगधुगी आहे. पण समुद्रावर ऐकायला लागतं कुणाला? हुकूम निशाणांनी सुटतात, आणि डोळे माझे अजून घारीचे आहेत. पांढरं निशाण चढवलं की सगळे कप्तान सल्लामसलतीला माझ्या जहाजावर येतात, एकमेकांवर खेकसतात, मी मान डोलवतो. खरं सांगू? त्यांचं निम्मं बोलणं मी पूर्वीही ऐकत नव्हतो.

सांगितलं तर काय होईल, ठाऊक आहे ना? दोन शब्द कौतुकाचे आणि घरी रवानगी. मग मी काय करू, तुझ्या परसात कोबी लावू? ताई, मला भीती वाटते. इंग्रजांच्या तोफांची कधी वाटली नाही, पण याची वाटते. झाकली मूठ झाकलीच राहू दे. शेजारणीला माझ्यातर्फे एक मोठं चीज दे आणि माफी माग.

तुझ्या शिव्यांनाही मुकू नये असं वाटणारा,
योस्त

*

फ्लिसिंगन, २९ एप्रिल

चि. योस्त यास अनेक आशीर्वाद.

आज थट्टा नाही. लीव्हेनचं पत्र आलंय. त्याचे कप्तान फॉप्पे दाउवेस मागच्या आठवड्यात तुझ्या सल्लामसलतीत स्पष्ट बोलले होते म्हणे, हिवाळ्याच्या वादळांत पाण्याखालचा वाळूचा बांध उत्तरेला सरकलाय, जुन्या वाटेनं जाऊ नका. तू मान डोलवलीस आणि जुन्याच वाटेचं निशाण चढवलंस. दुसऱ्या दिवशी त्यांचं जहाज वाळूत रुतलं. सुकाणू तुटलं, पुढची भरती आली म्हणून सुटले. माणूस एकही गेला नाही, देवाची कृपा.

आणि ऐक, म्हणजे वाच. तुला कुणी दोष देत नाही! बांधाचं सगळं ऐकूनही योस्तसाहेबांनी हुकूम दिला म्हणजे त्यात काही मोठा डाव असणार, असं म्हणतायत. माझा मुलगासुद्धा अभिमानानं तेच लिहितो. ही माणसं तुझ्या शब्दाखातर वाळूतही घुसतील, आणि तू त्यांचा शब्द ऐकलेलासुद्धा नसशील.

येत्या रविवारपर्यंत सांग. नाहीतर मासळीची होडी पकडून मीच येते आणि तुझ्या कप्तानांसमोर सांगते. मला ओळखतोस तू.

तुझ्यापायी झोप उडालेली,
मायकेताई

*

'सोनेरी बगळा', ६ मे

ती. मायकेताईस शि. सा. न.

होडी पकडू नकोस. सांगितलं.

काल पांढरं निशाण चढवलं. सतरा कप्तान आले. मी टोपी काढली आणि म्हणालो, गृहस्थहो, गेल्या शरदापासून तुमचा एक शब्द मी धड ऐकलेला नाही. दाउवेसांचं जहाज माझ्या लबाडीनं वाळूत गेलं, त्यात डाव कसला नि काय. राजीनामा टेबलावर ठेवला. मग सगळे गप्प बसले की सगळे ओरडले, मला काय कळणार? दाढ्या तेवढ्या हलत होत्या.

शेवटी दाउवेस उठले. सुकाणूवाल्यांची दिशा टिपायची पाटी खुंटीवरून काढली, खडूनं काहीतरी लिहून माझ्यासमोर धरली. वाटलं, आता शिवी वाचायची. पाटीवर होतं: बांध उत्तरेला सरकलाय, वळसा घालून जावं. तेच, जे मी मागे ऐकलं नव्हतं. शब्द तेवढेच, रागाचं एक अक्षर नाही. ताई, मला सगळ्यांदेखत रडू आलं.

मग पाटी फिरू लागली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्रं काढली. खडूनं भांडायला वेळ लागतो, त्यामुळे सूप निवायच्या आत सल्लामसलत आटोपली. असं आजवर घडलं नव्हतं. राजीनामा मात्र मी वर पाठवलाय, खऱ्या कारणासकट. सतरा जणांनी सोबत आपली चिठ्ठी जोडलीय, मला वाचू दिली नाही. आज वळसा घालून सगळी जहाजं सुखरूप निघाली.

तुझ्या धाकात राहण्यातच सुख मानणारा,
योस्त

*

फ्लिसिंगन, २४ मे

चि. योस्त यास उदंड आशीर्वाद.

हुकूम तुझ्याकडे पोचलाच असेल, पण इथला प्रकार तुला कोण सांगणार? आज दवंडीवाला मासळीबाजारात उभा राहिला आणि मोठ्यानं वाचू लागला: राजीनामा नामंजूर, सबंध आरमार योस्तसाहेबांच्या हाती, आणि त्यांच्या टेबलावर पाटी कायमची राहील. वरची मंडळीसुद्धा कधी कधी शहाण्यासारखं वागतात बाई!

आधी कोळणींनी टोपल्या बडवल्या. मग मोठ्या देवळाची घंटा, पाठोपाठ धाकटी, ती जरा चिरकीच वाजते. गोदीतल्या सुतारांनी तुझं नाव घेऊन आरोळी ठोकली, ती थेट धक्क्यापर्यंत गेली. शेजारची म्हातारी माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती, म्हणाली, चीज चांगलं होतं. मी ओरडले नाही. डोळे मिटून नुसती उभी राहिले. एवढा आवाज झाला योस्त, सगळा तुझ्यासाठी, आणि तुझ्या वाट्याचाही मीच ऐकून घेतला.

सुखरूप ये, एवढंच मागणं.
मायकेताई