संध्याकाळी कुठं जाल?

६ जानेवारी १९७८, शुक्रवार

सदर छापून आलं. 'संध्याकाळी कुठं जाल?' या नावाखाली माझे दोन रकाने, आणि पहिल्याच ओळीत चूक. स्टेशनाजवळच्या टॉकीजचा तीनचा खेळ साडेतीनला दिला. मॅनेजरनं सकाळीच फोनवर झापलं. मी म्हणालो, तुमचा खेळ साडेतीनच्या आत सुरू झालाय कधी? आपटलाच त्यानं फोन. आता पास बंद करील. करू दे. दोन पास येतात, मी एकटा जातो आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवतो.

म. माहेरी जाऊन सातवा महिना. (रोजनिशीत नुसतं 'म.' लिहायची सवय लग्न ठरल्यापासूनची, कुणी वाचलं तर म्हणून. महादेवी. घ्या, लिहिलं.) पहिल्या बाळंतपणाला गेली होती. पोरगी झाली, आणि बारशाच्या आधीच गेली. तेव्हापासून म. तिथंच, अक्कलकोटच्या पुढं, त्यांच्या गावी. तिच्या आईला सगळं गाव अव्वा म्हणतं, मीही. अव्वा म्हणते, राहू दे थोडे दिवस. दोनदा न्यायला गेलो. दोन्ही वेळा पोटभर जेवलो, कट्ट्यावर बसलो, परत आलो. ती 'येते' म्हणत नाही, मी 'चल' म्हणत नाही. तोंड उघडलं की पोरीचा विषय निघेल, ही भीती दोघांनाही.

१० जाने., मंगळवार

बसू येऊन गेला. म.चा धाकटा भाऊ. मंगळवारी अडतीवर तूर घालायला येतो आणि जाताना कचेरीत डोकावतो. शेंगाचटणीचा डबा अव्वानं दिलेला. त्याला विचारलं, अक्का कशी आहे. "हाय की." पेपर पोचतो का? तर म्हणे, एस.टी.चा कंडक्टर आणून देतो, आणि "अक्का शेवटचं पयलं वाचते."

शेवटचं म्हणजे 'जाता जाता'. सदराच्या तळाशी दोन-चार ओळी मी मनाला येईल ते लिहितो. तात्यांनी (आमचे संपादक) जागा भरायला म्हणून सुरू करायला लावलं होतं. म्हणजे ती वाचते तर. दिवसभर उगाच शीळ घालत होतो.

१२ जाने., गुरुवार

गड्ड्याच्या जत्रेवर लिहिलं. सर्कस, मौत का कुआ, जादूगार, भेळ, बांगड्या. लिहिता लिहिता लिहून गेलो, 'यंदाचा पाळणा गेल्या वर्षीपेक्षा उंच आहे.' आणि पेन थांबलं. ती हे वाचणार. पहिला शब्द कुठला दिसेल तिला?

खोडलं. 'उंच चक्र' केलं. तात्या ओरडले, सोलापुरात चक्र कोण म्हणतं रे? पाळण्याला पाळणाच म्हणतात! मी ऐकून घेतलं आणि प्रूफात पुन्हा चक्रच ठेवलं. अंबादास कंपोझिटरनं खिळे जुळवले, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढचं प्रूफ घेतलं. भला माणूस. विणकर घरातला, घरी तेलुगू बोलतात, माझ्याहून शुद्ध मराठी जुळवतो. लग्नात वाढप्याला होता, म.ला वहिनी म्हणतो.

१५ जाने., रविवार

गड्ड्यावर जाऊन आलो. कामासाठी, असं स्वतःला सांगून. गर्दीत एक बाई नवऱ्यावर चिडली होती, चप्पल हरवली म्हणून. तो बिचारा स्वतःची काढून देत होता. हेवा वाटला. हेवा वाटावा असं त्यात काय होतं?

२० जाने., शुक्रवार

आजचं 'जाता जाता': 'थंडी वाढली आहे. रात्री नाटकाला जाणाऱ्यांनी शाल न्यावी. आपली नसल्यास घरात राहिलेली दुसऱ्याची न्यावी.' तात्या म्हणाले, हे काय लिहितोस, आजारी आहेस का. तिची शाल खुंटीवर आहे. पांघरतो खरा.

२७ जाने., शुक्रवार

या वेळी कानडी मंडळी येऊन गेली होती. ४ फेब्रुवारीला, शनिवारी, देवळामागच्या मैदानात त्यांचा खेळ. गाणी, सोंगं, झांज, सगळं कानडीत. काहीतरी नाव सांगितलं, मला नीट लागलं नाही. मी आपलं 'कानडी लोकनाट्य' असं छापलं. माझी कानडी दोन शब्दांची: ऊटा म्हणजे जेवण, बेडा म्हणजे नको. सासरी तेवढ्यावर भागतं. म. हसायची, म्हणायची, तुमी ह्या दोन शब्दांवर जगाल की.

'जाता जाता'मध्ये लिहिलं, 'ज्यांना ही भाषा येते त्यांनी अवश्य यावे. ज्यांना येत नाही त्यांनी येणाऱ्या माणसाला सोबत घ्यावे.' ह्याहून उघड काय लिहू, पेपर लोकांचा आहे.

३१ जाने., मंगळवार

बसू आला. गाडी भरून निघाली होती, हा दारातूनच, घाईघाईत: "दाजी, अक्का आटला येतो म्हणली."

मी खुर्चीतून उठलोच. खरंच? "व्हय. तुमी असणारच की तितं." म्हटलं, असणारच, असणार नाही तर काय. गेला.

आठला. बसूच्या तोंडात ठ कधी येतच नाही. आठ तारीख, बुधवार. स्टँडवर. बुधवार बरा वार आहे, तात्यांकडं सुट्टी मागता येईल. येते म्हणाली, स्वतः म्हणाली.

४ फेब्रु., शनिवार

चुना आणला. खोली पांढरी करायला घेतली. मालकीणबाई विचारतात, कुणी पाहुणे येणारेत का? म्हटलं, पाहुणे नाही. अंगभर चुना, डोळ्यांत चुना. संध्याकाळच्या कानडी खेळाचा पास अंबादासला देऊन टाकला, म्हटलं आईला घेऊन जा. एरवी गेलोही असतो, पण दुसरी भिंत राहिली होती.

७ फेब्रु., मंगळवार

बसू आला नाही. तूर संपली असेल. बरंच झालं, उद्या तिला घेऊनच येईल.

८ फेब्रु., बुधवार

पहिल्या गाडीपासून स्टँडवर. अक्कलकोटकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या पाहिल्या. दुपारी चहा आणि भजी. कंडक्टर लोक ओळखू लागले, एक म्हणाला, कुणाची वाट बघताय? म्हटलं, घरच्यांची. शेवटची गाडी रिकामी झाली. ड्रायव्हरसुद्धा उतरला.

नाही आली.

खोलीला चुन्याचा वास येतोय.

९ फेब्रु., गुरुवार

सदर कसंबसं दिलं. 'जाता जाता' कोरं. तात्या म्हणाले, दोन ओळी तरी लिही. म्हटलं, जाहिरात घाला. घातली, आयुर्वेदिक केशतेलाची.

राग तिचा येत नाही. आज ना उद्या ती येईल असं गृहीत धरून चाललो होतो, त्याचा येतो. मनातून तिनं हे घर सोडलं असेल तर? येते म्हणाली, मग सामान बांधताना हात थांबला असेल. मलाच भिंती रंगवायची घाई.

१३ फेब्रु., सोमवार

हे नीट लिहून काढतो, म्हणजे मलाच पटेल.

दुपारी त्या कानडी मंडळींतले एक गृहस्थ आभार मानायला आले. पेढे आणले होते. म्हणाले, तुमच्या पेपरमुळं आटाला लई गर्दी झाली. मी विचारलं, कशाला? "आटाला की. त्या शनिवारचा आमचा आट." मी पेढा हातात धरून बसलो. म्हटलं, आट म्हणजे? ते हसले. म्हणाले, आट म्हणजे खेळ, सोंगांचा खेळ. आमच्यात नाटकाला आटच म्हणतात.

आटला येतो म्हणली. तुमी असणारच की तितं.

धावत खाली छापखान्यात गेलो. अंबादासला विचारलं, शनिवारी खेळाला कोण कोण होतं? तो खिळ्यांत बोटं चाळवू लागला. मग म्हणाला, "वहिनी होत्या. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." बायकांच्या बाजूला पुढंच बसली होती, बसूबरोबर आली होती. रात्री पेठेत आत्याकडं राहणार होती. सारखी पुरुषांच्या बाजूला वळून बघत होती म्हणे. शेवटी अंबादासला पाहून तिनं विचारलं, साहेब कुठायत? आणि हा सरळ माणूस, खरं ते सांगून बसला: ते येणार नाहीत, पास त्यांनी मला दिलाय.

इतके दिवस का नाही सांगितलंस म्हणालो. "नवराबायकोचं काही बिनसलं असेल, मी मधे कशाला बोलू?" त्याचं तरी काय चुकलं. वर म्हणतो कसा, आमच्या तेलुगूतही सिनेमाच्या खेळाला आटच म्हणतात. म्हणजे अख्ख्या सोलापुराला ठाऊक, आणि शहरातले खेळ छापणाऱ्यालाच ठाऊक नाही. कपाळ माझं!

ती आली होती. अंधारात मान वळवून मला शोधत होती. आणि मी इथं भिंतीला चुना लावत होतो.

१६ फेब्रु., गुरुवार

उद्याच्या अंकात लिहिलं: 'दुरुस्ती. शनिवार दि. ४ रोजीच्या आटाला आमचे प्रतिनिधी गैरहजर होते. त्यांना आट म्हणजे आठ वाटले. आठ तारखेस ते दिवसभर एस.टी. स्टँडवर होते. त्यांना कानडी येत नाही, बाकी काही कारण नाही.'

तात्यांनी वाचलं. चष्मा काढला. हे कुणासाठी, म्हणाले. म्हटलं, एका वाचकासाठी. आता झापणार असं वाटलं. त्यांनी लाल पेन घेतलं, 'आमचे प्रतिनिधी' खोडून 'मी' केलं, 'त्यांना'चं 'मला' केलं, आणि कागद अंबादासकडं पाठवला. मला म्हणाले, चहा सांग.

१७ फेब्रु., शुक्रवार

टॉकीजचा डोअरकीपर: काय साहेब, स्टँडवर कोण येणार होतं? पानवाला तेच. मालकीणबाईंनी तर डोळे पुसले, ते आणखी अवघड. होऊ दे शोभा.

१८ फेब्रु., शनिवार

गावाकडून काही नाही. इतक्यात येणारही नाही म्हणा, पेपर कालच पोचला असेल. पण पेपरात छापून बायकोची समजूत काढणारा मी पहिलाच बावळट. उद्या स्वतः जातो. तोंडानं विचारतो, घरी येतेस का? हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर... एवढंच विचारायचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. बरं वाटतं ऐकायला.

१९ फेब्रु., रविवार

जाऊन आलो.

गल्लीत शिरताच पोरंठोरं हसायला लागली. बसूनं परवा पेपर मोठ्यानं वाचून दाखवला होता. बसूनं कान धरले, म्हणाला, दाजी, चूक माजीच, नाटक म्हणायला पायजे होतं. अव्वा पदर तोंडाला लावून हसत होती. म. हसली नाही. भाकरी वाढली, आमटी वाढली, परत कितीदा वाढली. मी बेडा, बेडा म्हणत राहिलो.

जेवणानंतर सगळे आपोआप कुठं कुठं गेले. कडब्याच्या गंजीच्या सावलीत आम्ही दोघं. ती म्हणाली, "सगळ्या सोलापूरला सांगितलंत. मला मात्र पेपरात वाचावं लागलं."

म्हटलं, तुझ्यासमोर काय बोलावं तेच कळत नाही गं. ती म्हणाली, मला पण. मग बराच वेळ कुणीच काही नाही. पण आजचं गप्प बसणं वेगळं होतं, माणसाशेजारी बसल्यासारखं वाटलं.

फाट्यापर्यंत पोचवायला आली. एरवी उंबऱ्यापर्यंतच येते. रस्त्यानं ती पुढं, मी मागं, मग बरोबरीनं. फाट्यावर लिंबाखाली उभे राहिलो. मनात वाक्य घोळवत होतो, घरी येतेस का, घरी येतेस का. म्हणणार एवढ्यात ती बोलली. खाली बघत.

"तिचं नाव काय, असं मला कुणी विचारलंच नाही. बारसं नाही झालं, मग नाव कुठलं, म्हणतात सगळे. पण मी ठेवलं होतं. पयल्या दिवशीच ठेवलं होतं." मग म्हणाली, "तुमी तरी विचाराल वाटलं."

इतके महिने. मी शाल लिहिली, थंडी लिहिली, पाळण्याचं चक्र केलं. हे विचारायचं सुचलं नाही.

विचारलं. काय ठेवलंस नाव?

तिनं आजूबाजूला पाहिलं. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी कानाशी येऊन सांगितलं. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "आवडलं?"

आवडलं म्हणालो. मग मोठ्यानं एकदा उच्चारलं. ती रडायला लागली, मीही, आणि तेवढ्यात एस.टी. आली. कंडक्टर घंटा ओढतोय, ती पदरानं माझंच तोंड पुसतेय. चढलो. मागच्या काचेतून हात केला, तिनंही केला.

नाव इथं लिहीत नाही आज. आधी जिभेवर बसू दे. गाडीत सारखं तेच म्हणत होतो, हळू. शेजारच्या म्हातारबानं विचारलं, पोरगी का? म्हटलं, हो, माझी.

सोलापूरला उतरलो, स्टँडच्या नळावर तोंड धुतलं, तेव्हा ध्यानात आलं. घरी येतेस का, हे विचारायचं राहूनच गेलं.