अर्धवट मार खाल्लेलं पितळ

काका, पितळ तापवल्यावर त्याच्या आत काय होतं, ते मला गेल्या महिन्यात दिसलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "देखके क्या करेगा? काम कर."

दाना ओलीच्या गल्लीतल्या तुमच्या भांड्यांच्या दुकानात मी आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, दोन धंदे बुडवून आलेला. तुम्ही काम मराठीत शिकवायचात आणि शिव्या हिंदीत द्यायचात. एकदा मी हात वाचवायला तपेल्याला चार टपल्या मारल्या आणि घातलं भट्टीत. बाहेर काढून ठोकायला घेतलं, तर त्याची पाठ संत्र्याच्या सालीसारखी उठली. तुम्ही तपेलं उजेडात धरलंत, माझ्याकडे बघितलंत. "गधे, आधी नीट मार बसू दे की त्याला! अर्धवट मार खाल्लेलं पितळ तापवलं की वाया जातं." का, असं मी विचारलं. "मला काय ठाऊक! मी माझ्या बापाला विचारलं नाही, तू मला विचारू नकोस." संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा तुम्ही ते तपेलं पुढे करून म्हणालात, "माझ्या हातून बिघडलं, परवा दुसरं देतो." मी आत राख उपसत होतो, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याकडे माझा कारखाना आहे. ठोकणं संपलं. पितळेच्या गोल चकत्या तापवून प्रेसखाली दाबतो, तांबे तयार होतात. भट्टीवर एकच माणूस, तीस वर्षांपासून. गेल्या महिन्यात एक अख्खी खेप खरबरीत निघाली. मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांनी भट्टी जास्त तापवली. अब उनसे नहीं होता, त्यांना पॅकिंगला बसवा." भट्टीवरून उठवणं म्हणजे त्या माणसाला घरी पाठवणंच, हे मला कळत होतं. तरी मी मान डोलावली.

सून कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. तिनं एक तुकडा कापून घासला, तेजाबात बुडवला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. धातू म्हणजे लहान लहान कणांची फरसबंदी. ठोकलं की हे कण चेपतात, पिळवटतात, म्हणून पितळ कडक होतं. तापवलं की जिथे पीळ जास्त, तिथे नवे कण जन्मतात आणि जुन्यांना खात वाढतात. मार भरपूर असेल तर हजार जागी जन्मतात, एकमेकांना अडवतात, म्हणून बारीक राहतात. मार थोडाच असेल तर मोजक्या जागी जन्मतात, अडवणारं कुणी नाही, म्हणून फुगतात. असं फुगलेलं पितळ दाबलं की साल उठते. यातून माणसांबद्दल काही बोध निघतो का, तो मी काढत नाही. तुम्हाला असलं बोलणं आवडत नसे.

मी विचारलं, "आणि भट्टी जास्त तापली तर?"

"तेव्हाही कण वाढतात, बाबा. पण भट्टीची नोंद बरोबर आहे. तापवण्याआधी पत्र्याला हलका दाब बसलाय कुठेतरी."

कुठे, ते मला माहीत होतं. पत्रा सपाट दिसावा म्हणून त्याच खेपेआधी मी रोलर बसवला होता. माझी हौस. पहिल्याच दिवशी भट्टीवाला चकती वाजवून म्हणाला होता, "भाऊसाब, ये बोल नहीं रही है. रोलर मत चलाओ." मलाही तो बद्द आवाज ऐकू आला होता. मी म्हणालो, "तुम अपनी भट्टी देखो."

दुसऱ्या दिवशी मी रोलर काढायला लावला. सगळ्यांना सांगितलं, बेअरिंग गेलंय. भट्टीवाला डबा-पिशवी आवरून पॅकिंगकडे निघाला होता, मी म्हणालो, "कहाँ चले? भट्टी कौन देखेगा?" तो थांबला. हात जोडून म्हणाला, "हमसे ही कुछ चूक हुई होगी, भाऊसाब. उमर हो गई. इस बार माफ कर दो."

प्रेस बंद होती, सगळे ऐकत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चलो, माफ किया."