कळलावीचा कंद

गारखेडा, १४ जून २०२५

चि. गोकुळ यास अ. उ. आशीर्वाद.

फोनवर बोलले तर आई ऐकेल, म्हणून लिहिते. तू पाठवलेले कळलावीचे सगळे कंद मोडून आले. पोत्यात दाबून का भरलेस? कंद नांगरासारखा वाकडा, त्याला टोकाशी एकच डोळा. टोक गेलं की तो फुटत नाही.

डोंगरात ही वेल आता दिसत नाही. सुईणपण करताना आईनं ती आपल्या बांधावर जपली. आदल्या दिवशी वेलीला अक्षता वाहून, मगच एखादा कंद काढायची. बांध रस्त्यात जाणार, म्हणून आता ते माझ्या कॉलेजच्या वनौषधी बागेत लावायचे होते. ते लावले असं समजून, कोंब आला का, हे ती अंथरुणातून रोज विचारते. काय सांगू? एखादा मागे राहिला असेल तर शोध.

लोभ आहेच, राग उतरला की कळवीन.
मेघाअक्का


पिशोर, १८ जून

ती. अक्कास सा. नमस्कार.

रागव, पण ऐक. रस्त्याचं मशीन सकाळीच बांधावर येणार होतं. अक्षता कधी वाहू? मला वाटलं, हळदीवानी कुठूनबी फुटंल. कालेजात झाडपाल्याचं तू शिकली, आधी सांगायचं होतंस.

बांधावर आता मुरूम हाय. मी अन् फकिराकाकानं लई उकरलं. एकच घावला, टोक शाबूत. मातीसकट टोपलीत, मांडीवर घेऊन येतो. तवर आईला काय सांगू नको.

लहान्यावर माया असू दे.
गोकुळ


गारखेडा, ५ जुलै

चि. गोकुळ यास आशीर्वाद.

आईच्या दहाव्याच्या गर्दीत बोलता आलं नाही. तू टोपली घेऊन दारात आलास, त्याच्या आदल्या संध्याकाळी आईनं पुन्हा विचारलं. मला खोटं बोलवलं नाही. कंद मोडले, हे सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली की कंद विषारी असतो, गोकुळनं जेवायच्या आधी हात धुतले होते का. धुतले होते, असं मी सांगितलं. मग तिनं डोळे मिटले.

काल बागेत जाऊन आले. पावतीची नक्कल तुझ्यासाठी उतरवते. माया आहे, बाबा. येत जा.

मेघाअक्का

देणार: मेघा जाधव. घेणार: मोनिका साळवे, वनौषधी बाग.
कळलावीचा कंद एक, टोक शाबूत, बांधावरच्या मातीसह.
पारंपरिक वापर: बाळंतीण अडली की तळपायाला लेप; सुटका होताच धुवायचा. पोटात कधीच द्यायचा नाही.
लेप कशात उगाळायचा: आईला विचारायचं राहिलं.