फुलावर कापलेली लाखोळी

रुआबांधा, जानेवारी १९६२

प्रिय शेवंता,

सप्रेम जयभीम. विहारातल्या वर्गात शिकलेली माझी अक्षरं अजून वाकडीच आहेत, सांभाळून घे. हल्ली अंग फार दुखतं गं. सकाळी म्हशीचं शेणपाणी, मग पोलाद कारखान्यात नव्या भट्टीच्या बांधकामावर घमेली उचलायची, घरी यावं तर लाल धूळ पुन्हा घरभर. तू राहतेस ते सुपेला काही लांब नाही, पण दोन वर्षांत तू या घरी आली नाहीस. त्या रिवेट मारणाऱ्या तेलुगू पोराशी लग्न केलंस आणि तुझ्या बाबांनी दार लावून घेतलं. विहारात समतेवर मान डोलावणारा माणूस, घरी आला की म्हणे, “आपल्यात पोट्टे नोयते का?” तुम्हा दोघांच्या मधे उभी राहून मी थकले.

धानाच्या बांधीतली लाखोळी आठवते ना? गुरांसाठी पेरलेली, आणि दरवर्षी त्यावरून तुमची बापलेकीची जुंपायची. तू म्हणायचीस, निळं फूल आलं की कापा, तेव्हाच पाल्यात कस असतो. ते म्हणायचे, “शेंगा भरू दे, ढीग मोठा होते.” शेंगा भरेपर्यंत खालचा पाला गळून जायचा. उरलेलं ते भर उन्हात पत्र्यावर पसरायचे, आणि पत्रा तापला की हात लावताच पाल्याचा भुगा. म्हशीपुढे नुसत्या काड्या. तू गेल्यावरही तेच चाललं. दूध इतकं पातळ, की चहा काळाच राहायचा. पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर ना!

यंदा दिवाळीनंतर म्हैस व्याली. मग एका रविवारी ते विळ्याला धार लावायला सुपेल्याला गेले आणि परतले ते तसेच आडवे झाले. जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटी बुडवून फुलावरची लाखोळीच कापून आणली. मला वाटलं, वेड लागलं यांना. पत्रा भिंतीला उभा केला आणि लाखोळी पडवीच्या सावलीत, तुझ्या खाटेवर पातळ पसरली. रोज सकाळी दहिवरानं पाला नरम असतानाच हलक्या हातानं उलटायचे, म्हणजे गळत नाही. मला हात लावू देईनात. चारा हिरवाच वाळला गं, वास असा की मलाच खावासा वाटला. दूधही दाट झालं. मी विचारलं, आता कसं पोरीचं पटलं? तर उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

आज जेवता जेवता बोलले. त्या रविवारी त्यांनी तुला नळावर पाहिलं होतं, कमरेवर हात ठेवून उभी, पोट पुढे आलेलं. हाक मारायची हिंमत झाली नाही म्हणे. तू मला कळवलंही नाहीस, याचं मला फार वाईट वाटलं. पण ते राहू दे. “पयलं बाळंतपण मायच्या घरीच होते,” म्हणाले. “लिवून टाक तिले, दूध पातळ नाही आता.” चारा माळ्यावर चढवला आणि तुझी खाट नव्या सुतळीनं आवळून ठेवली आहे. म्हणून हे पत्र. ये गं बाई, आता माझ्यात मधे उभं राहायचं बळ नाही. जावयाचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण संध्याकाळी शेजारच्या फकिराकडून आणखी एक खाट मागून आणली आहे, त्यावरून काय ते समज.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आई भागीरथा