अक्काच्या आणि माझ्या मधला काठ

११ मे
सकाळी पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना मधल्या भिंतीवर आला. अख्खी भिंत अक्काच्या अंगणात. कुणाला लागलं नाही. ड्रायव्हरला आधी पाणी दिलं. धूळ बसल्यावर बघते तर पलीकडे अक्का मोरीतली भांडी घासतेय. पंचवीस वर्षांचा शेजार, पण तिला भांडी घासताना आज पहिल्यांदा पाहिलं.
म्हणाली, "मंदा, किती जवळ राहतेस गं तू!"

१४ मे
गवंडी येऊन बघून गेला. अक्का म्हणते, "भिंत कशाला परत? झाडं लाव की." मीही लगेच हो म्हटलं. रिटायर झाल्यापासून दिवस फार लांब झालेत.
दुपारी तिच्या श्रीनिवासचा पुण्याहून फोन. अक्काने माझ्याकडेच दिला. "मावशी, कशाला खर्चात पडता? घर विकायचंच आहे. दिवाळीनंतर आईला इकडे आणतो." मला हे माहीत नव्हतं. फोन परत दिला तेव्हा अक्का शेंगा फोडत होती, वर बघितलं नाही.

२ जून
दगडविटा उचलून नेल्या. जागा लांबट, जेमतेम चार फूट रुंद. खाली काळी माती, तिच्याखाली मुरूम. उन्हाला तर काही तोटाच नाही.
ठरवलं ते असं: दरवर्षी उपटून नवं लावावं लागेल असं काही नको. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं राहणारं हवं, आणि बारा महिन्यांत एकही महिना रिकामा जायला नको. नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यावर जगायला हवं.
अक्का या पट्ट्याला 'काठ' म्हणते. तिचं आयुष्य चादरींत गेलं. नवरा मागावर, ही घरी गोंडे वळायची. काठ म्हटलं की तो भरलेलाच हवा.

२१ जून
होटगी रोडच्या नर्सरीत दोघी, रिक्षाने. भांडणच झालं. मला पांढरं हवं: तगर, मोगरा. तिला लाल, केशरी, पिवळं. "पांढरं पांढरं काय लावतीस, दवाखान्यासारखं!" नर्सरीवाला हसत बसला.
शेवटी मागे लाल जास्वंद आणि तगर, आलटून पालटून. मधे मोगरा, कोरांटी, शेवंती. पुढे सदाफुली आणि अबोली. अबोलीला ती कनकांबरम म्हणते. रोप हातात घेऊन स्वतःशीच तेलुगूत काहीतरी बोलली. विचारलं तर म्हणे, "काही नाही, आईची वेणी."
गुलबक्षी मी उचलली होती, तिने परत ठेवली. "दिवसभर तोंड मिटून बसतंय ते. घरात तसलं एक होतं, पुरे झालं." म्हणजे नवरा. रिक्षात आठवून आठवून हसलो.

९ जुलै
सगळं लावून झालं. कंबर गेली. अक्का खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. सदाफुली आल्या आल्या फुललीसुद्धा, शहाणी.

२६ ऑगस्ट
तीन दिवस झड. काळ्या मातीत पाणी तुंबून शेवंती कुजली. फक्त दोन जगल्या. मी रडवेली. अक्का म्हणाली, "दोन हायत की. दोनाच्या चार हुतील." मुरूम आणि शेणखत कालवून तेवढी जागा उंच केली, नवी रोपं आणली.

१५ सप्टें.
श्रीनिवास आला, बरोबर घर बघायला आलेले दोघे. गुणी पोर आहे, आल्या आल्या वाकून नमस्कार करतो. जाताना आईला म्हणाला, "मग नोव्हेंबरात पॅकिंग?"
अक्का, "शेवंती बघून येते."
त्याला वाटलं चेष्टा.

२० नोव्हें.
शेवंती! पिवळीधम्मक. अक्काने पहिली दोन फुलं देवाला, तिसरं माझ्या केसांत. मी किती वर्षांनी फूल माळलं. आरशात दोनदा बघून आले.
संध्याकाळी फोनवर तिचा आवाज इकडे ऐकू येत होता. "कोरांटीला कळ्या हायत रे. मग मोगरा. मोगरा बघून येते." मी खुरपं घेऊन तिथेच थांबले. हसू आलं. मग

(मगाशी उठावं लागलं, दूध उतू गेलं.) मग वाटलं, मीसुद्धा झाडं हाच हिशोब करून निवडली होती का? एक संपायच्या आत दुसरं. तेव्हा तरी असं काही मनात नव्हतं. आता आहे.

१८ डिसें.
अक्का न्हाणीघरात पडली. उजवं मनगट. भिंत नव्हती म्हणून हाक ऐकू आली, धावत गेले. प्लास्टर.

२० डिसें.
श्रीनिवास रातोरात आलाय, डोळे लाल. काठाशी उभा राहून म्हणाला, "मावशी, तिला एकटं ठेवून मला तिकडे झोप लागत नाही. तुम्ही तरी सांगा तिला. तुमचंच ऐकते ती."
खरं बोलतोय तो.
दुपारी अक्काची वेणी घालताना तिला सांगितलं, जा म्हणून. हात बरा होईपर्यंत तरी. ती म्हणाली, "तूच लावलंस, तूच उपटतीस." उरलेली वेणी तशीच सोडून उठली.

२३ डिसें.
गेली. गाडीत बसली. काच खाली करून फक्त, "कोरांटीला पाणी कमी घाल."

१२ जाने.
मोगऱ्याची छाटणी केली, पाणी तोडलं. काठ तसा भरलेला: कोरांटी, अबोली, जास्वंद. तोडायला कुणी नाही म्हणून फुलं झाडावरच वाळतात. पलीकडची मोरी कोरडी.
फोन रोज येतो, राग गेला बहुतेक. दहावा मजला. सून चांगली आहे, म्हणते, नातवाला तेलुगू शिकवतेय. "पण हितं खाली बघितलं की माणसं मुंगीवानी दिसतात गं."

२१ फेब्रु.
मोगऱ्याला नवी पालवी. फोटो पाठवला. अक्काचं उत्तर नातवाने टाईप केलेलं: "पाणी दे आता."

१६ मार्च
मोगरा फुलला. ओंजळभर. वाटीत ठेवला, घरभर वास.
श्रीनिवासचा फोन: रविवारी येतो आईला घेऊन, घराचे कागद झालेत, सही करून संध्याकाळी परत. अक्काशी बोलणं झालं नाही, झोपली होती म्हणे.

रविवार
आले. अक्का वाळलीय, मनगट पुरतं वळत नाही. अंगणात आली ती थेट मोगऱ्यापाशी. ओंजळ भरून वास घेतला. मला वाटलं, झालं, आता बघून झालं.
तिने पिशवी उघडली. ओल्या फडक्यात गड्डे. पुण्यात शेजारणीकडून मागून घेतलेला सोनटक्का. "तुला पांढरं आवडतं की," म्हणाली, आणि लेकाला खुरपं दिलं. तगरीच्या सावलीत खड्डा करायला लावला. तो ऑफिसच्या बुटांसकट चिखलात बसला. कागद माझ्या टेबलावर, पंख्याखाली फडफडत होते.
माती लोटता लोटता त्याने विचारलं, "मावशी, हे कधी फुलतं?"
"श्रावणात."
तो थांबला. आईकडे बघितलं. तिने तोंड फिरवून दुसरा गड्डा पुढे केला, कोंबाचा डोळा वर आहे ना तेवढं बघत.
"आई," तो म्हणाला.
"खोल नको करू," ती म्हणाली.
चहा ठेवला. तिघांचा. आत्ता पाच वाजलेत, अजून कुणी टेबलाकडे गेलेलं नाही.