मनीमाजऱ्याच्या गच्च्या

मनीमाजरा, चंदीगड
१८ फेब्रुवारी १९९७

सौ. ताईस,

सुनेत्राचा नमस्कार. ‘इकडील सर्व क्षेम’ या वेळी लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. दाजींचे गुडघे आणि ऋचाची परीक्षा दोन्ही मार्गी लागोत.

आधी ती बातमी, जिच्यासाठी तू देव पाण्यात घालून बसली होतीस. सरकारी क्वार्टर मिळालं. खुद्द सेक्टरात, पुढे हिरवळ, मागे आंब्याचं झाड. एक तारखेला सामान हलायचं आहे. ह्यांनी ऑफिसात पेढे वाटले. आता तू कराडात खुशाल सांग की माझी बहीण चंदीगडला राहते.

तसं तू आजवर सांगत होतीस तेही खोटं नव्हतं म्हणा. मनीमाजरा आता चंदीगडच्याच महापालिकेत आहे. तरी सेक्टरवाले याला ‘गाव’ म्हणून नाक मुरडतात, आणि इथले म्हणतात, तुमचं शहर कालचं पोर. त्यांचंही खरं आहे. शहर कागदावर आखलं त्याच्या कितीतरी आधी इथे किल्ला होता, राजा होता, भरलेला बाजार होता. सेक्टरात पत्ता म्हणजे नुसते आकडे. इथे गल्ली मनाला येईल तिथे वळते आणि पत्ता विचारला तर कोणाच्या तरी आजोबांचं नाव सांगतात. मला हे गाव फार आवडतं, ताई. सहा वर्षं मी ते खिडकीतून पाहिलं.

खिडकीतूनच का, ते आता सांगते.

आम्ही आलो तेव्हा पंजाबात वाईट दिवस होते. आमच्या गल्लीत एक पद्धत पडली होती. पुरुषमाणूस कामाला निघाला की दाराला बाहेरून कुलूप घालायचा, म्हणजे घर रिकामं वाटावं आणि कोणी दार ठोठावू नये. शेजाऱ्यांनी ह्यांना शिकवलं, ह्यांनी कुलूप आणलं. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं. मग ते दिवस सरले. गल्लीतली कुलपं एकेक करून निघाली. केबल आली, कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ आला, बायका दारात खुर्च्या टाकून स्वेटर विणू लागल्या. आमचं कुलूप तेवढं राहिलं.

मी किल्ली मागितली नाही असं समजू नकोस. पहिल्यांदा हे हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, “बाहेर असं काय ठेवलंय तुझं? माझ्या जिवाला घोर नको.” तिसऱ्यांदा दोन दिवस बोलले नाहीत. हात उगारला नाही कधी, आवाजही चढवत नाहीत. भाजी, गजरा, मासिकं, सगळं घरात आणून देतात. रविवारी सेक्टर सतराच्या बाजारात नेतात, आईस्क्रीम देतात आणि परत आणून ठेवतात. बोट ठेवायला जागा नाही, म्हणून मी इतकी वर्षं कोणाकडे रडले नाही. माझी पत्रंही तेच टाकतात, आणि टाकण्याआधी वाचतात. तुला मिळत होतं ते क्षेम त्यांना दाखवलेलं होतं.

संक्रांतीला चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळातल्या वंदनाताई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. इतक्या लांबून, रिक्षा करून. खाली कुलूप बघून थबकल्या, आजूबाजूला पाहिलं आणि गेल्या. मी वर खिडकीच्या आड उभी होते. हाक मारली नाही. काय सांगणार होते, की मी घरातच आहे? त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

मग गेल्या आठवड्यात बसंत, म्हणजे आपली वसंत पंचमी आली. त्या दिवशी सगळं मनीमाजरा पतंग उडवायला गच्चीवर चढतं. मीही चढले. शेजारच्या बीजींनी, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या सरदारणीने, पिवळ्या भाताची थाळी पुढे केली आणि म्हणाल्या, इकडेच ये. मी म्हटलं, खाली कुलूप आहे. त्यांनी थाळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “पुत्तर, इत्थे तां छत्तां सांझियां ने.” इथे गच्च्या साऱ्यांच्या असतात. खरंच आहे गं. इथली घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, मधे गुडघाभर कठडा. सहा वर्षं मी त्या कठड्यावर पापड वाळवत होते.

मी साडी खोचली आणि ओलांडला. बीजींच्या जिन्याने उतरून बाजारात गेले. काही घेतलं नाही, नुसती चालले. त्यानंतर रोज जाते आणि हे यायच्या आत परतते.

काल विनायकने मला क्वार्टर दाखवायला नेलं. (नाव घेतलं म्हणून दचकू नकोस.) घर सुरेख आहे. शेजारचं घर हिरवळीपलीकडे, गच्ची कोणाच्याच गच्चीला लागून नाही, खिडक्यांना गज. मी स्वयंपाकघर बघत होते तेव्हा पुढच्या दारातून ठोकण्याचा आवाज आला. ओटा तुटलेला आहे, नळ गळतो आहे, आणि त्याने सुताराकडून पहिलं काम काय करून घेतलं, तर दाराला बाहेरून कडी-कोयंडा.

मी तिथे राहायला जाणार नाही.

तू लिहिशील, नवऱ्याचं घर आहे, सबुरीने घे. म्हणून मी दिवसच असा धरला आहे की तुझं उत्तर मला गाठू नये. बीजींच्या सुनेने तिकीट काढून आणलं आहे. परवा विनायक ऑफिसला गेला की कठडा ओलांडेन. घर रिकामं वाटायला हवं होतं ना, परवा ते खरंच रिकामं असेल. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे. तुला मिळेल तेव्हा मी वाटेत असेन.

दाजींना विनायकच्या ऑफिसात फोन करू देऊ नकोस. मला न्यायला कोणी येऊ नका, स्टँडपासून मी चालत येईन. भीती वाटते, ताई. पण ती जाण्याची नाही, तू दारात मला काय म्हणशील याची आहे.

काही म्हणू नकोस. दार उघड, मला आत घे आणि मग बाजूला हो. आतली कडी माझ्या हाताने लावू दे.

तुझीच,
सुनेत्रा