केनेल्म नावाचा इथे कोणी नाही

बोगद्याच्या तोंडची पाचवी झोपडी, यॉर्कशायरचा माळ
फेब्रुवारी १८७१

प्रिय आणि पूजनीय डॉर्कस मावशी,

तुझ्या भाच्याचा दोन वर्षांचा साचलेला नमस्कार. तुझा खोकला, आईचे गुडघे आणि बाबांचा राग, तिन्ही उतरले असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती ओली आहे. (इथे सगळंच ओलं आहे.) मी न सांगता पळालो म्हणून, पोचल्यावर इथला पत्ता कळवूनही तुम्ही पत्र टाकत नाही, असं धरून मीही रुसून बसलो होतो.

इथे बोगदा खोदणाऱ्यांत खरं नाव कोणी सांगत नाही, विचारतही नाही. आल्या दिवशी जे घडेल ते नाव. झोपडीत सगळ्यांचं जेवण एकाच हंड्यात शिजतं. ज्याने त्याने आपलं फडक्यात बांधून दोरीने आत सोडायचं, दोरीच्या टोकाला आपल्या खुणेची काडी. मी पहिल्याच दिवशी भलतीच दोरी ओढली आणि दुसऱ्याचं मटण खाऊन मोकळा झालो. तेव्हापासून मी मटणचोर. हजेरीच्या वहीतसुद्धा.

गेल्या मंगळवारी माझ्या शेजारच्या फळीवर झोपणारा तीनबोट्या दगडांखाली गेला. पाद्रीबुवांनी कबरीपाशी नाव विचारलं, तर चाळीस माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. काहींनी तर त्याच्याबरोबर सहा वर्षं तंबाखू ओढलेली, पण नाव कोणाला ठाऊक नाही. शेवटी तीनबोट्या म्हणूनच पुरला. मावशी, उद्या माझीही हीच गत. मी तिथेच ओरडलो, माझं नाव केनेल्म, लिहून ठेवा!

पाद्रीबुवा खूश झाले. म्हणाले, फार जुनं सॅक्सन नाव, आता कोणी ठेवत नाही. अर्थ धीट शिरस्त्राण, म्हणजे शूर लोखंडी टोप. (तू एवढंच सांगितलं होतंस की संताचं नाव आहे. त्या संताला पोरवयातच सख्ख्या बहिणीने रानात मारवलं म्हणे, हे बरं लपवलंस.) मी हरखून झोपडीभर अर्थ सांगत सुटलो. आता वर सैल दगड दिसला की मुकादम हाक मारतो, "या टोपराव, आधी तुमचं डोकं पुढं करा!"

पण आमची झोपडीवाली झिलाबाई हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "अरे मेल्या, तो तू होय? तुझी तीन पत्रं आली होती की! टपाल आणणाऱ्या गाडीवाल्याने नाव वाचलं, मी झोपडीत होते त्यांना विचारलं, तू बोगद्यात असशील, कोणी ओ देईना. असलं नाव माणसाचं असतं होय? मला वाटलं, बाटलीतल्या औषधाची जाहिरात." महिनाभर तिने पत्रं घड्याळामागे ठेवली, मग त्यांवरच चूल पेटवली. मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही. (जेवलो, पण रागाने.)

तेव्हा मावशी, रुसवा सोडला. तुम्ही लिहिलं होतं, एवढं मला पुरे.

तुझा अर्धवट शिकलेला,
केनेल्म

ता. क. पाकिटावर नाव ठसठशीत लिही, आणि खाली 'मटणचोर'ही लिही. बाबांना दिसू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पुरे म्हटलं ते खोटं. झिलाबाईला आज आठवलं, तिसऱ्या पाकिटाला काळी किनार होती. कोण गेलं, एका ओळीत कळव. आणि मावशी, तूच गेली असशील, तर ज्याने हे पत्र फोडलं त्याने कळवावं.